युनि-टी यूटी २१० ई क्लॅम्प मीटर: जुन्या २४ व्होल्ट ट्रकच्या चार्जिंगसाठी कितपत कामाचा?

जुन्या डिझेल ट्रकमध्ये करंट कुठून येतो आणि कुठे जातो हे शोधायला युनि-टीचा यूटी २१० ई हा छोटा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर, पुरेसा आहे, आणि तो वायरमनकडेच नव्हे तर गाडीमालकाकडेही असावा. सेल्फचा, म्हणजे स्टार्टर मोटरचा, करंट तो मोजू शकत नाही. २४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात, त्या दोन्हींचं व्होल्टेज एकत्र मोजलं तर आकडा जाडाभरडा येतो. या दोन्ही उणिवा धरूनही, बॅटऱ्यांची एक जोडी विनाकारण बदलायची वाचली की मीटरचे पैसे फिटतात.

विनाकारण बदललेल्या जोड्या कमी नसतात, कारण टाटा १६१३ सारख्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला एकदा चालू झाल्यावर विजेची गरज उरत नाही. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर मेला तरी गाडी दिवसभर चाकण-भोसरी करत राहते. रात्री खंबाटकी घाटात दिवे पिवळे पडतात, सकाळी सेल्फ टक् करून गप्प बसतो, आणि सगळ्यांचं बोट बॅटरीकडे जातं. बॅटरी खराब असो, चार्जिंग नसो, केबलच्या टोकाचा लग सैल असो किंवा रात्रभर कुठेतरी करंट गळत असो, सकाळचं लक्षण एकच. नवी बॅटरी घातली की महिनाभर सगळं ठीक वाटतं, कारण ती दुकानातून भरून आलेली असते. मूळ दोष तसाच राहतो आणि नव्या बॅटरीलाही खातो.

आता मीटरबद्दल. याला डीसी करंट मोजता येतो, आणि सगळा मुद्दा तिथेच आहे. बाजारात दिसायला असेच असणारे बरेच क्लॅम्प मीटर फक्त घरगुती एसी करंट मोजतात आणि ट्रकवर शून्य दाखवतात. याच मालिकेतली काही मॉडेलंही तशीच आहेत, तेव्हा पुण्याच्या तापकीर गल्लीत घेताना शेवटचं अक्षर ‘ई’ आहे ना ते बघा आणि डीसी अँपिअर चालतं का ते काउंटरवरच तपासा. करंटच्या तीन रेंज आहेत: २, २० आणि १०० अँपिअर. २ अँपिअरच्या रेंजमध्ये तो १ मिलिअँपिअरपर्यंत दाखवतो. या आकाराच्या आणि किमतीच्या मीटरमध्ये हे फार क्वचित मिळतं, आणि जुन्या गाडीची गळती पकडायला नेमकं हेच लागतं. जबडा १७ मिलिमीटर उघडतो. बॅटरीची एक जाड केबल त्यात बसते, दोन एकत्र बसत नाहीत. पडद्यामागे उजेड आहे, त्यामुळे बॅटरी बॉक्सशी वाकून रात्री काम करताना टॉर्च दातात धरावा लागत नाही.

एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. डीसी करंट मोजणारा सेन्सर चुंबकीय असतो. जबडा फिरवला, गाडीच्या लोखंडाजवळ नेला की रिकामा असतानाही तो काही मिलिअँपिअर दाखवतो. म्हणून जिथे मोजायचं तिथेच, त्याच कोनात, केबलच्या शेजारी रिकामा जबडा धरून झिरोचं बटण दाबा आणि मग केबल आत घ्या. प्रत्येक नव्या जागी हे पुन्हा करा. जबड्यावर बाण असतो, तो उलटा धरला की आकड्याआधी वजाचं चिन्ह येतं. पडद्यावर डीसीचं चिन्ह आहे ना, हेही आधी बघा, नाहीतर एसीवर राहिलेला मीटर करंट वाहत असलेल्या केबलवरही जवळजवळ शून्य दाखवेल.

व्होल्टेजच्या बाजूची उणीव समजून घेण्यासारखी आहे. मीटर १९९९ पर्यंत मोजतो. त्यामुळे १९.९९ व्होल्टच्या खाली दोन दशांश स्थळं मिळतात, वर गेलं की एकच. म्हणजे एक बॅटरी १२.६४ अशी वाचता येते, दोन्ही मिळून २५.२ किंवा २५.३. चार्जिंगचं निदान एकेका बॅटरीवर करायचं असल्यामुळे ही उणीव फारशी आड येत नाही, उलट शिस्त लावते. २४ व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्यांची बेरीज बघून समाधान मानणं हीच सगळ्यात मोठी चूक असते.

सुरुवात बॅटरीपासूनच करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किंवा हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद केल्यावर थोडा वेळ थांबून, प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. प्रोब शिशाच्या खुंटावर टेकवा, त्यावरच्या केबलच्या क्लॅम्पवर नको. १२.६ किंवा त्याहून जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. दोघींत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तिथेच थांबा आणि कारण शोधा. बुचं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेल बघा. भरलेल्या बॅटरीत ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) साधारण १.२४० ते १.२६० असते. एका सेलात ती इतरांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल गेला, त्यापुढे चार्जिंग करत बसण्यात अर्थ नाही. ताजं पाणी घालून लगेच ग्रॅव्हिटी घेऊ नका, ती खोटी येते.

भार देऊन तपासायला वेगळा लोड टेस्टर नसला तरी चालतं, सेल्फ हाच भार आहे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, चाकाला लाकूड. इंजिन बंद करायची नॉब खेचून धरायला सांगा, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारताना प्रत्येक बॅटरी ९.६ व्होल्टच्या वर राहिली पाहिजे. एक १०.८ वर टिकली आणि दुसरी ८ वर कोसळली तर दोषी कोण हे वेगळं सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हा आकडा थोडा खाली येतो, तेवढी सूट द्या. लागोपाठ सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

सेल्फचा करंट काही शे अँपिअर असतो, मीटर १०० वर थांबतो. मग केबलचा दोष शोधायचा कसा? व्होल्टेज ड्रॉपने, आणि त्या कामाला हा मीटर उत्तम आहे. लाल प्रोब बॅटरीच्या प्लस खुंटावर, काळा सेल्फच्या मुख्य बोल्टवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत राहिलं तर प्लसची बाजू ठीक. दीड-दोन व्होल्ट दिसले तर मधला एकेक सांधा वेगळा मोजा: खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते कट ऑफ स्विच, स्विचच्या या बोल्टपासून त्या बोल्टपर्यंत, स्विच ते सेल्फ. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. जुन्या गाड्यांत हा कट ऑफ स्विच आतून जळालेला हमखास सापडतो, बाहेरून तो अगदी धडधाकट दिसतो. तसंच मायनसच्या बाजूला: बॅटरीचा मायनस खुंट ते सेल्फची बॉडी. इंजिन आणि चेसिस यांच्यामधली अर्थची पट्टी पावसाळ्यात हिरवी पडते, किंवा चेसिसला रंग मारताना तिच्या बुडाखाली रंग जातो. मग करंट मिळेल त्या वाटेने, कधी गिअर लिव्हरच्या जोडाने तर कधी ॲक्सिलरेटरच्या केबलने परततो. ती केबल गरम लागत असेल तर अर्थ नक्की गेलेला आहे.

आता चार्जिंग. इथे क्लॅम्पचा खरा उपयोग. इंजिन चालू करण्याआधी चावी लावल्यावर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा पेटतो का ते बघा. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट या दिव्यातूनच मिळतो. बल्ब उडाला असेल तर चांगला अल्टरनेटरही उठत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच उठतो. दिवा पेटत नसेल तर अल्टरनेटरवरची डी प्लसची, म्हणजे या दिव्याची, बारीक वायर काढून बॉडीला टेकवा. दिवा पेटला तर वायर आणि बल्ब ठीक, बिघाड आत आहे, बहुतेक कार्बन (ब्रश) झिजले असतील. नाही पेटला तर अल्टरनेटर खोलायला देऊ नका, आधी बल्ब बदला.

इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास ठेवून प्रत्येक बॅटरी मोजा. १३.८ ते १४.२, म्हणजे दोन्ही मिळून २७.६ ते २८.४, असं यायला हवं. मग जबडा बॅटरीच्या प्लस केबलवर. रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन चालू केल्यावर सुरुवातीला २० अँपिअर आत जाणं साहजिक आहे. निरोगी बॅटरीत हा आकडा पंधरा-वीस मिनिटांत पाचच्या खाली येतो. व्होल्टेज (दोन्ही बॅटऱ्यांचं मिळून) आणि करंट एकत्र वाचले की उत्तर बहुतेक वेळा समोरच असतं. व्होल्टेज २५, करंट जवळजवळ शून्य किंवा वजा: अल्टरनेटर काम करत नाही. व्होल्टेज २८ आणि करंट तासाभरानंतरही १५: बॅटरीत सेल शॉर्ट आहे, ती करंट पीत राहणार आणि तापणार. व्होल्टेज ३० च्या वर: कटआउट (व्होल्टेज रेग्युलेटर) गेला, बॅटऱ्या उकळतील आणि बल्ब उडत राहतील. व्होल्टेज २८.५ आणि करंट शून्य, पण सेल्फ मात्र दमलेला: बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा थर जमलाय किंवा मधे कुठेतरी सांधा करंट अडवतोय.

यानंतर जबडा अल्टरनेटरच्या बी प्लस वायरवर, म्हणजे करंट बाहेर देणाऱ्या मुख्य वायरवर, न्या. हेडलाइट, पार्किंग, वायपर, केबिनचा पंखा सगळं चालू करा. समजा बी प्लसवर २२ अँपिअर आणि बॅटरी केबलवर अधिक ९ (बॅटरीत जाणारे) आले, तर गाडीचा स्वतःचा खर्च १३. आता रेस सोडा आणि इंजिन स्लोवर (आयडलवर) येऊ द्या. पुण्यातल्या गाड्यांसाठी ही चाचणी फार महत्त्वाची आहे. नवले पुलापाशी किंवा चाकण चौकात रात्री तास तास रांगेत उभी असलेली गाडी स्लोवरच असते. तिथे बॅटरीवरचा आकडा वजा ३ किंवा वजा ४ दाखवत असेल, तर अल्टरनेटर चांगला असूनही बॅटरी रोज थोडी उतरणार. त्याला उपाय बेल्ट आणि खर्च दोन्हींत आहे. बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबायला हवा. कडा चकाकत असतील तर ताणून उपयोग नाही, नवा घाला. वर लावलेले शोभेचे दिवे आणि जादा फॉग लॅम्प किती खातात हे मीटरच सांगेल: एकेक बंद करा आणि आकडा बघा.

ज्या गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे ब्रेकचा व्हॅक्युम पंप जोडलेला असतो, तिथे त्याचं सील गळून ऑइल आत शिरतं आणि कार्बन चिकट होतात. नुसते कार्बन बदलले तर थोड्याच दिवसांत तीच तक्रार परत येते. सील आधी.

अल्टरनेटरमधल्या, एसीचं डीसी करणाऱ्या डायोड प्लेटची परीक्षाही या मीटरने होते. इंजिन बंद, सगळं बंद, जबडा २ अँपिअरच्या रेंजवर बी प्लस वायरवर. काही मिलिअँपिअर ठीक, पण ३००-४०० दिसले तर डायोड उलट करंट सोडतोय. अशा गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागतो. दुसरी खूण: इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर डायोड प्लेट खोलून बघा.

गळती शोधताना जबडा बॅटरीच्या मायनस केबलवर ठेवा, पण मायनस खुंटावरून निघणाऱ्या बारीक वायरीही सोबत आत घ्यायला विसरू नका. जीपीएस असलेल्या जुन्या ट्रकमध्ये काही दहा मिलिअँपिअर चालतात. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, त्याने काही बिघडत नाही. ४०० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ९.६, आणि १०० अँपिअर-अवरची बॅटरी दहा दिवसांत रिकामी. दिवाळीत गाडी उभी राहते आणि नंतर चालू होत नाही, त्याचा हिशेब हा. आकडा जास्त दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजने आकडा पडला ते सर्किट.

आणि आता मुख्य रोग. टेप, मोबाइल चार्जर, १२ व्होल्टचा हॉर्न किंवा एलईडी पट्ट्या बसवणारे थेट दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर घेतात. ती वायर फक्त खालच्या, म्हणजे चेसिसला मायनस असलेल्या बॅटरीतून करंट काढते. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो, त्याला मधलं काही दिसत नाही. उपाशी बॅटरी १३.२ वर अडकते आणि दुसरीवर १४.८ येतात. खालची कधीच पूर्ण भरत नाही, तिच्यावर सल्फेट जमतं. वरची रोज उकळते आणि तिचं पाणी सारखं कमी होतं. मालक पाणी पिणाऱ्या बॅटरीला दोष देतो, ती बदलतो, आणि जुन्या उपाशी बॅटरीच्या जोडीला नवी येते. मग नवीचीही तीच गत.

हे पकडायला क्लॅम्पसारखं दुसरं साधन नाही. टेप आणि चार्जर चालू ठेवा, इंजिन बंद. वरच्या बॅटरीच्या प्लस केबलवर मोजा, मग खालच्या बॅटरीच्या मायनस केबलवर. दोन्हीकडे एकच आकडा असेल तर मधून काही घेतलेलं नाही. वर ०.०५ आणि खाली २.०५ आले, तर २ अँपिअर मधल्या जोडावरून चाललेत. रात्री आठ तास मार्केट यार्डात थांबलेल्या गाडीत हे १६ अँपिअर-अवर एकट्या बॅटरीच्या माथी. उपाय दोनच आहेत: सगळं १२ व्होल्टचं सामान २४ ते १२ च्या कन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर दोन्ही बॅटऱ्या सारख्या भरलेल्या ठेवणारा बॅटरी इक्वलायझर बसवा. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच अँपिअर-अवरच्या घ्या. फक्त एक बदलायची असेल तर हा दोष काढल्याशिवाय बदलू नका.

मीटर वापरताना एक जुनी पद्धत कायमची सोडून द्या. इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून ‘डायनमो चार्जिंग देतो का’ बघणं जुन्या डायनमोच्या काळात चालत असेल. आजच्या अल्टरनेटरला बॅटरी सुटताच व्होल्टेजचा मोठा झटका बसतो आणि कटआउट किंवा डायोड जागीच जातात. इंजिन चालू असताना कट ऑफ स्विच फिरवणं म्हणजेही तेच. चेसिसवर वेल्डिंग करायची असेल तर आधी बॅटरी सोडवा आणि अल्टरनेटरच्या वायरी काढून ठेवा. बॅटरी सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी, हातातलं कडं आणि अंगठी खिशात.

तर घ्यायचा कुणी? एक-दोन गाड्यांच्या मालकाने, ट्रान्सपोर्टच्या वर्कशॉपने, आणि निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत काम करणाऱ्या नव्या वायरमनने जरूर घ्यावा. सेल्फ दुरुस्तीचंच काम असेल तर मात्र निदान ६०० अँपिअर डीसी मोजणारा आणि चालू होतानाचा झटका पकडणारा मोठा क्लॅम्प हवा, तिथे हा उपयोगाचा नाही. फक्त टाटा ४०७ सारखी १२ व्होल्टची गाडी असेल तर वर दोन्ही बॅटऱ्या मिळून दिलेले व्होल्टेजचे आकडे निम्मे धरा (एकेका बॅटरीचे आहेत तसेच), बाकी पद्धत तीच, आणि मधल्या जोडाची भानगड तिथे नसते.

विकत घेताना काउंटरवर करायची तपासणी सोपी आहे. १२ व्होल्टची बॅटरी आणि ६० वॉटचा हेडलाइट बल्ब दुकानात मिळतोच. एका वायरवर जबडा लावला की ५ अँपिअरच्या आसपास यायला हवं. मग तीच वायर जबड्यातून पाच वेढे घालून न्या, आकडा पाचपट व्हायला हवा, म्हणजे सुमारे २५. त्यासाठी रेंज १०० वर न्यावी लागेल. हीच युक्ती उलट्या बाजूने गाडीवरही चालते: अगदी छोटी गळती मोजायची असेल तर बारीक वायरीचे पाच वेढे घ्या आणि आलेल्या आकड्याला पाचने भागा, म्हणजे सेन्सरच्या मिलिअँपिअरच्या चुका पाचव्या हिश्श्यावर येतात.